कुसुमच्या लग्नाची साखर

कल्याण, मंगळवार, ६ डिसेंबर १९४९

साखर मी तोलली. माझ्या या हातांनी, कुसुमच्या लग्नाची!

दर मंगळवारी ती आमच्या रेशनच्या दुकानात येते, हिरव्या दोऱ्याने पोपट भरलेली पिशवी घेऊन. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी या काट्यामागे उभा राहिलो तेव्हा आई ओरडली होती, "त्या दुकानात काय ठेवलंय तुझं?" आज कुसुमला लग्नाचं विचारायचंच, असं ठरवून गेलेलो.

पण पोपटाची पिशवी आज तिच्या वडिलांच्या हातात. अण्णा रेशनला कधी येत नाहीत. वाटलं, कळलं यांना, आता भर दुकानात थोबाडीत बसणार. त्यांनी खिशातून कागद काढला. लग्नासाठी जादा साखरेचं परमिट. वधू म्हणून कुसुमचं नाव. मी दोनदा वाचलं. मागच्या मंगळवारी हसली होती ना ती? मग?

"वाचतोस काय रे एवढं? शिक्का खरा आहे, तोल लवकर," अण्णा म्हणाले. "आणि रविवारी सकाळीच ये. जिलबी वाढायला हात चालणारी पोरं हवीत."

कागद फाडून तोंडावर फेकायचा होता. माझं डोकं किती गरम ते सगळं कल्याण जाणतं! आणि केलं काय मी? काटा सरळ झाल्यावर वर मूठभर साखर टाकली, दर मंगळवारी तिला टाकतो तशी. पिशवीवरचा पोपट टम्म फुगला.

आणि अण्णांना म्हणालो, "येतो."