सासऱ्यांच्या हॉलमधला रिकामा खिळा

३ जानेवारी
साडूचा फोटो पेपरात. पान पाच, अगदी कोपऱ्यात, पण आला. बिघडलेला फ्रिज कंपनीकडून बदलून घेतला, वर लेखी माफी मिळवली, म्हणून 'जागरूक ग्राहक'. फ्रिज माझाही बिघडला होता मागे. मी गुपचूप दुरुस्त करून घेतला. तेव्हा कोणी कॅमेरा घेऊन आलं नाही.

सासऱ्यांनी ते कात्रण फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. ते उठून दिसावं म्हणून शेजारचा आमच्या लग्नाचा फोटो काढून आत कपाटावर ठेवला. त्याचा खिळा आता रिकामा. ही म्हणाली, भाऊजींनी घराण्याचं नाव काढलं. मला जेवण गेलं नाही. मत्सर वगैरे नाही. पित्त असावं.

संकल्प: याच वर्षी एका तरी कंपनीला नमवायचं. त्या खिळ्यावर माझं कात्रण.

४ जानेवारी
घरातल्या सगळ्या वस्तू तपासल्या. इस्त्री तापते. पंखा फिरतो. घरात एकही वस्तू धड बिघडलेली नाही! बिस्किटांच्या पुड्यावर बारा लिहिलंय, मोजली तर तेरा भरली. नशीबच खोटं.

९ जानेवारी, संध्याकाळी
देव आहे. जुन्या वॉशिंग मशीनने मान टाकली. आजच नवीन आणलं, समोरून दार उघडणारं. दुकानदार म्हणाला, बसवायला टेक्निशियन येईल, फुकट. मी साफ नको म्हटलं. कंपनीचा माणूस कंपनीचीच बाजू घेणार. नळ्या जोडायला असं काय लागतं?

बिल आणि वॉरंटी कार्ड फाइलला लावलं. माहितीपुस्तिकेचं पाकीट मात्र फोडलं नाही. पुढे केस झाली तर पुरावा सीलबंद हवा. मशीनच्या पाठीला चार लांब बोल्ट आहेत. पाना घेऊन तेही आणखी आवळले. साडूने घेतली असती एवढी काळजी?

११ जानेवारी
पहिली धुलाई. कपडे पिळायची वेळ आली आणि मशीन गरजत, थरथरत बाथरूममधून निघालं ते थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबलं. ही किंचाळली. मला आनंद लपवता येईना. व्हिडिओ काढला. खालच्या मजल्यावरच्या काकू केसांत छताचा चुना घेऊन भांडायला आल्या. त्यांना चहा दिला. साक्षीदार क्रमांक एक.

१२ जानेवारी
कंपनीकडे तक्रार पाठवली. सात पानं. साडूची तीनच होती. 'मानसिक त्रास' अकरा वेळा.

१५ जानेवारी
कंपनीतून एका बाईंचा फोन. पुस्तिकेचं तिसरं पान पाहिलंत का, म्हणाल्या. मी म्हटलं, मला शिकवू नका, मी ग्राहक आहे. मग म्हणाल्या, माणूस पाठवते. ठणकावून नकार दिला. पुराव्याला हात लावायचा डाव आहे, दुसरं काय.

ही चार दिवस हाताने कपडे धुतेय. मनगट दुखतंय म्हणाली. मी समजावलं की हक्काच्या लढाईत त्याग करावाच लागतो. तिने माझे शर्ट वेगळे काढले आणि साबणासकट माझ्यापुढे ठेवले.

१८ जानेवारी, रविवार
सासऱ्यांकडे केस जाहीर केली. साडूही होता. सगळं ऐकून त्याने एवढंच विचारलं, पुस्तिका वाचलीत का? जळतोय लेकाचा. मी बेधडक सांगितलं, पाकीट अजून फोडलेलंच नाही. तो हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

निघताना सासऱ्यांना म्हटलं, तो खिळा काढू नका. म्हणाले, बघू. सासऱ्यांचं 'बघू' म्हणजे हो.

२१ जानेवारी, सकाळी
घरातच फितुरी! हिने मला न विचारता साडूला बोलावलं. त्याने पाकीट फोडलं, तिसरं पान काढलं. चित्र होतं, लाल रंगात. ते चार बोल्ट ने-आण करताना आतलं पिंप हलू नये म्हणून असतात. मशीन सुरू करण्याआधी काढायचे. मी ते आवळले होते.

दहा मिनिटांत बोल्ट काढले, मशीन जागेवर लावून सुरू केलं. साडूने त्यावर पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला. पिळणं सुरू झालं. मी ग्लासकडे टक लावून बसलो. एक थेंब तरी सांडावा म्हणून नवस बोललो. सांडला नाही.

तक्रार मागे घेतल्याचं पत्र साडूनेच सांगितलं, मी लिहून घेतलं. पाच ओळी. खरं सांगायचं तर चांगलं पत्र होतं. बोल्ट जपून ठेवायचे असतात म्हणाला, आणि स्वतःच्याच खिशात टाकले.

२५ जानेवारी
वाचनालयात साडूचं भाषण, 'ग्राहकाचे हक्क आणि जबाबदाऱ्या'. सासऱ्यांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. हक्क वीस मिनिटांत उरकले. जबाबदाऱ्यांवर आला तेव्हा खिशातून चार बोल्ट काढून टेबलावर मांडले. एका सुशिक्षित गृहस्थांची गोष्ट सांगतो, म्हणाला. नाव घेत नाही, त्यांना वाईट वाटेल.

सभागृह हसून लोळलं. खालच्या काकू सगळ्यात मोठ्याने हसल्या, आणि वर माझ्याकडे बोट केलं. मीही हसलो. नसतो हसलो तर उरलेल्यांनाही कळलं असतं.

२६ जानेवारी
सासऱ्यांकडे जेवायला. जायचं नव्हतं. ही म्हणाली, न जाऊन कारण काय सांगणार?

हॉलमध्ये साडूचं कात्रण. शेजारचा खिळा आता रिकामा नाही. सासऱ्यांनी चारही बोल्ट सुतळीत ओवून त्यावर टांगलेत. पुन्हा मशीन हलवायचं झालं तर लागतील, म्हणाले, तुमच्याकडे राहिले तर आवळून ठेवाल.

लग्नाचा फोटो कुठे लावणार, विचारलं. म्हणाले, बघू.