थरथर

मंगळ., ३ फेब्रु.
मी बोलते, नात मृणाल लिहिते. मला अक्षर येत नाही, मृणालला स्वस्थ बसवत नाही. तिचं बाळ रविवारी झालं, दोन महिने आधीच. घाई आईची घेतली. हेही लिही गं.
कल्याणच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत आहे. छाती सारखी थरथरते. मी नर्सबाईवर ओरडले, "पोराला हुडहुडी भरलीय, पांघरूण घाला!"
मृणाल म्हणाली, "आजी, थंडी नाही. जेट व्हेंटिलेटर आहे, बारीक बारीक झटक्यांनी हवा देतो. छाती थरथरायलाच हवी. थांबली की घाबरायचं."
तिला ठाऊक. कोलशेतच्या कंपनीत हीच मशीनं तपासून बाहेर पाठवते.

गुरु., ५ फेब्रु.
पाचवी. पाटावर कोरा कागद, मृणालचं पेन. म्हणून आजचं पेन्सिलीनं. सटवाई नशीब लिहायला वर्तकनगरला आमच्या घरी येणार की कल्याणला बाळाकडे जाणार, कोण जाणे.
बाळाकडे ही बघतच नाही. मशीनवरच्या तपासणीच्या स्टिकरवर हिचीच सही. "हे तपासलं त्या दिवशी मला उलट्या होत होत्या. लक्ष होतं का माझं?"
हट्ट करून मशीन बदलायला लावलं. जुनं कंपनीत परत.

सोम., ९ फेब्रु.
नव्या मशीनवरही बाळाला उतार नाही. ओली बाळंतीण कोलशेतला निघाली. मी तिचे कान बांधून सोबत, शिव्या घालत.
तेच मशीन टेबलावर. नळी रबरी फुप्फुसाला जोडली, चालू केलं. मी हात ठेवला. तश्शी थरथर. हिनं नळी चिमटली, भोंगा वाजला. सोडली, गप्प. दाब, वेग, हवेतली ओल, सगळं बरोबर.
"झालं समाधान? नव्हती चुकलीस."
टेबलावर डोकं टेकलं तिनं. "चुकले असते तर बरं होतं, आजी. दुरुस्त तरी केलं असतं."
रबरी फुप्फुस आपलं चालूच...

मंगळ., १० फेब्रु.
आज हिनं मशीनचे आकडे सोडून बाळाकडे बघितलं. "नाक तुझं आहे, आजी."
"मग लग्नाला अडचण येणार."
हसली. मग नाही.
डॉक्टर म्हणतात, झटक्यांनी भागत नाही, उद्या साध्या मशीनवर घेऊन बघू. म्हणजे थरथर बंद.
मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, थांबली की घाबरायचं?"
पेन थांबलं. म्हटलं, लिही.
म्हणाली, "उद्या थांबली की छाती वर येते का, ते बघायचं."