कॅम्पात तू एकटीच का गेलीस?

प्रिय आई,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याइतकी मी हळवी नाही, हे तुला ठाऊक आहे. पण एक प्रश्न पडलाय आणि त्याचं उत्तर फक्त तुझ्यापाशी होतं.

रविवारी मंगळवेढ्याला एका लग्नात तुझ्या शाळेतल्या सुमनबाई भेटल्या. अजून तशाच ताठ आणि तोंडाळ. म्हणाल्या, "तू एकलीच की गं तिची! ना भाऊ, ना भन."

"सरकारची कृपा," मी म्हटलं. "कुटुंबनियोजनाच्या केसेसचं टार्गेट होतं ना तुम्हा शिक्षिकांना? आईची एक केस कमी पडली, म्हणून तिनं स्वतःचंच ऑपरेशन करून घेतलं."

बाई हसतच सुटल्या. "कुटलं टार्गेट! तिचं तर कवाच पुरं झालं हुतं. राहिलं हुतं माझं. पगार अडला, म्हणून मी भावजयीला घेऊन कॅम्पात गेले, तर तितं तुझी आई रांगेत हुबी! मला म्हणती, घरी बोलू नका हं, बाई."

मग त्यांचं हसू थांबलं. "भावजय अजून माझ्याशी बोलत न्हाय," एवढंच म्हणाल्या.

सोलापूरला परतताना एसटीत मला आजी आठवत होती. "मेल्या सरकारनं माझा वंश बुडवला!" असं ती जन्मभर म्हणत राहिली आणि तू भाकरी थापत म्हणायचीस, "काय करणार सासूबाई, नोकरी आहे." काय गं तो साळसूद चेहरा तुझा! बाबांना तरी खरं माहीत होतं का?

मला भाऊ हवा म्हणून मी रुसले, की तुझं उत्तर ठरलेलं: "सरकारला विचार." मी खरंच कलेक्टरसाहेबांना पोस्टकार्ड लिहिलं होतं. तुझ्याकडे टाकायला दिलं होतं. टाकलंस का?

मी बी.एस्सी. झाले, तेव्हा तरी सांगायचंस! मी एकटी पुरेशी वाटले, की माझाच वैताग आला होता? की सुमनबाईंच्या भावजयीसारख्या बायकांना ओढत नेलेलं पाहून वाटलं, आपण निदान आपल्या पायांनी जावं? कॅम्पात तुझ्याजवळ कोण बसलं होतं?

हे आत्ताच का विचारते? तुझी नात केतकी एका मुलीवर थांबतेय. मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे. "आई, येशील ना?" तिनं शनिवारी, सुमनबाई भेटायच्या आधी, फोनवर विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या आजीला सरकारनं थांबवलं. तुला कोण थांबवतंय? आधी कारण सांग, मग येते."

"मला नकोय, एवढं कारण पुरत नाही का?" म्हणाली आणि फोन ठेवला. अगदी तुझ्यावर गेलीय!

मी जाणार आहे, आई. दवाखान्यातल्या बाकावर शेवटपर्यंत बसेन आणि तिला कारण विचारणार नाही. तिच्या सासूबाईंनी मला विचारलंच, तर तुझं उत्तर आहेच माझ्याकडे. सांगेन, "सरकारला विचारा."

तुझी एकुलती,
शैला