उधन्याच्या शेडमधला रविवार

प्रिय विजू,

पाकीट बघून हसली असशील. सुषीचा फोन बिघडला की काय, असंही म्हणाली असशील. फोन धडधाकट आहे गं. गेल्या आठवड्यात तुला तीनदा लावला, आणि तिन्ही वेळा साखरपुड्याची साडी नि मसालेभात यांवरच बोलून ठेवून दिला. तुझा आवाज कानावर पडला की माझी जीभ गोड होते आणि मी खोटं बोलते. म्हणून हा कागद. पोरांचा साखरपुडा एकवीस दिवसांवर आलाय आणि हे तुला त्याच्या आधी कळायलाच हवं. तेव्हा शेवटपर्यंत वाच, मध्येच फोन करू नकोस.

तुझ्या लेकानं तुला सांगितलंय की नाही कोण जाणे, पण त्याची गिटार काही कपाटावर धूळ खात पडलेली नाही. हजीऱ्याच्या प्लँटमधल्या चार इंजिनिअरांनी मिळून बँड काढलाय, आणि ललित त्यात गिटार वाजवतो. परवाच्या शनिवार-रविवारी इथे गॅरेज रॉकचा दोन दिवसांचा महोत्सव होता, त्यात त्यांचं नाव होतं. फार घासूनपुसून न घेता, मिळेल त्या वाद्यावर, जीव खाऊन वाजवायचं ते गॅरेज रॉक, असं त्यानं मला समजावून सांगितलं. आमच्याकडे गॅरेज म्हणजे प्रभाकररावांची स्कूटर दर महिन्याला जाऊन बसते ते. उधन्याला बंद पडलेल्या कापडाच्या लूमच्या एका शेडमध्ये दुपारी दोनपासून सगळा कार्यक्रम. त्यानं आमच्या सोनालीला बोलावलं, ती आनंदानं हो म्हणाली, आणि मी मध्येच म्हटलं, मीपण येते. ललित मनापासून म्हणाला, या की मावशी. सोनालीनं मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी भाजी ढवळायला आत गेले.

तुला वाटेल, लग्नाआधी पोरगी एकटी जाऊ नये म्हणून आई मागे लागली. तसं असतं तर किती बरं झालं असतं! मला भीती होती ती दिव्यांची. पोस्टरवर फोटोच होता, अंधारात पांढरे दिवे उघडझाप करताहेत आणि पोरं उड्या मारताहेत. तो बघितल्यापासून मला घास गोड लागेना. त्या दिव्यांसमोर सोनालीला काही झालं तर, आणि ते ललितसमोर झालं तर, एवढंच डोक्यात. काय होईल ते लिहिते, पण जरा धीर गोळा करू दे.

शनिवारी जाताना मी तिला काळा गॉगल घालायला लावला. ललितला सांगितलं, तिचे डोळे आलेत. बिचारा लगेच औषधाच्या दुकानातून ड्रॉप्स घेऊन आला. चार वाजता सोनालीनं पर्समधून गोळी काढून घेतली, तेव्हा त्यानं सहज विचारलं, कसली गोळी. डबीवर कॅल्शियम लिहिलंय, मी कॅल्शियम म्हणाले. डबी कॅल्शियमचीच आहे, आतली गोळी नाही. विजू, एका दुपारी दोनदा खोटं बोलले, आणि दोन्ही वेळा माझी पोरगी शेजारी उभी होती. शेडमध्ये आवाज एवढा की छातीची हाडं हलत होती, कानात कापूस घालूनही काही उपयोग नाही. सगळे स्टेजकडे बघत होते आणि मी दिवसभर सोनालीच्या हातांकडे बघत होते, बोटं आखडतात का, एवढंच. ललितचा बँड कधी वाजवून गेला मला कळलंसुद्धा नाही. त्यानं येऊन विचारलं, मावशी कसं वाटलं, तर मी म्हटलं, सरस! देवा रे.

रविवारी पाचच्या सुमारास बडोद्याचा एक बँड झाला. त्यातली हिरव्या केसांची मुलगी, सोनालीच्याच वयाची, वाजवून खाली उतरली आणि आमच्यापासून दहा पावलांवर धाडकन पडली. हातपाय आखडले, डोळे वर गेले, तोंडाला फेस. शुं थयुं, शुं थयुं करत लोक गोळा झाले. एकानं पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली, दुसरा कांदा शोधायला पळाला, तिसरा तिच्या दातांत किल्ली घालायला निघाला. मी कशी पोचले मला आठवत नाही. पाचवीचा वर्ग ज्या आवाजात गप्प करते, त्या आवाजात ओरडले, चप्पल काढा, तोंडात काही घालू नका, हात दाबू नका. तिला कुशीवर केलं, माझी ओढणी डोक्याखाली दिली, दिवेवाल्याला दिवे बंद कर म्हणून हातानं खुणावलं आणि घड्याळ बघत बसले. दोन मिनिटं दहा सेकंद. मग ती सैल पडली, श्वास नीट आला, मी तिचं तोंड पुसलं. तिचा ड्रम वाजवणारा मित्र पाण्याची बाटली घेऊन बसला होता. कुणीतरी विचारलं तर म्हणाला, तिला फीट येते, काल प्रवासात गोळी राहिली असणार, अर्धा तास झोपली की ठीक होईल. इतक्या साधेपणानं, कुणाची साखर वाढलीय हे सांगावं तसं. आणि कुणीही पळून गेलं नाही, गं. दोघीजणी तिच्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

मी उठले तर समोर ललित. डोळ्यांत नुसतं कौतुक. मावशी, तुम्हाला हे सगळं कसं येतं? विजू, त्या वेळी मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी म्हणाले, महानगरपालिकेनं शिक्षकांना प्रशिक्षण दिलं होतं. अडखळलेसुद्धा नाही. सोनाली त्याच्या मागेच उभी होती. तिनं गॉगल काढला, घडी घातली, माझ्या पर्समध्ये ठेवला आणि सरळ स्टेजच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. दिवे पुन्हा सुरू झाले होते. एक तास वीस मिनिटं ती तिथे, उघड्या डोळ्यांनी. डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलंय की तिला अशा दिव्यांचा त्रास होईलच असं नाही, पण भीतीला डॉक्टर कुठे कळतो? गर्दीतून मी तिच्याजवळ जाऊ शकत होते, पण गेले नाही. गेले असते तर ललितला आणखी काय सांगितलं असतं? खांबाला धरून उभी राहिले, घामानं कुडता भिजला, आणि दर दिव्यासरशी मला वाटत होतं की आता पडली. तिला काहीही झालं नाही.

रिक्षात बसल्यावर तिनं एकच विचारलं. आई, आज मी पडले असते तर तू आधी माझ्याजवळ आली असतीस, की आधी ललितला काही सांगितलं असतंस? मी ताबडतोब म्हणायला हवं होतं, तुझ्याजवळ. मी रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले. डिंडोलीला घरी पोचेपर्यंत तेच करत होते.

मी एवढी का घाबरले ते तुलाच कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. जळगावला डी.एड.च्या होस्टेलमध्ये वर्षा आठवते? तिला रात्री फीट आली, आणि दुसऱ्याच दिवशी आपण दोघींनी खोली बदलून मागितली. अर्ज तुझ्या सुंदर अक्षरात होता, खाली सही माझीही होती. ती तेव्हा दारातच बसून वेणी घालत होती, आणि तिनं आपल्याला गाद्या उचलायला मदत केली. आपण त्यावर कधी बोललो नाही. सोनाली चौदा वर्षांची असताना स्वयंपाकघरात पहिल्यांदा पडली, तेव्हा मला आधी देव आठवला नाही, वर्षा आठवली. त्या दिवसापासून मी माझ्या पोरीसाठी कुणाच्या तरी अर्जाची वाट बघतेय. आणि नशीब असं, की स्थळ आलं ते तुझंच.

तर विजू, सोनालीला फीट येते. अकरा वर्षं औषध चालू आहे, साडेतीन वर्षांत एकदाही आलेली नाही, गोळ्या बहुधा पुढेही घ्याव्या लागतील. लपवायचं ठरवलं ते मी आणि प्रभाकररावांनी, ती पहिल्या दिवसापासून सांगूया म्हणत होती. ललितला ती शुक्रवारी स्वतः सांगणार आहे. तुला मी सांगते म्हणून मी तिच्याकडून चार दिवस मागून घेतले. तू रागावशील, तो तुझा हक्क आहे. मी तुझ्याकडे होकार मागत नाही, एवढंच मागते. नकार द्यायचा असेल तर दुसऱ्या ज्योतिषाला पत्रिका दाखवली असं कळवू नकोस. मुलाला बाहेरगावी बदली मिळतेय असंही नको. खरं कारण लिही, आणि माझ्या नावानं नको, सोनालीच्या नावानं लिही. ते पत्र मी फोडणार नाही.

तुझीच,
सुषी