ऋता कर्णिक यांच्या अहवालातील 'स्वतःच्या मनाने' हे शब्द

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
राजाराम खोत स्मारक रुग्णालय,
मुलुंड (पश्चिम), मुंबई.

विषय : कै. ऋता शौनक कर्णिक यांच्या मृत्यूच्या अहवालातील एक वाक्य दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : माझ्या पहिल्या अर्जास आपल्या कार्यालयाने दिलेला नकार.

महोदय,

मी, नीलम सीताराम तांबे, राहणार भांडुप, आपल्या रक्तविकार विभागाची जुनी रुग्ण आहे. मला रक्ताचा कर्करोग झाला होता. माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध याच्या मूळपेशी माझ्या शरीरात सोडण्यात आल्या आणि मी वाचले. कै. ऋता कर्णिक शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना बहिणीच्या पेशी मिळाल्या. काचेतून एकमेकींना टक्कल दाखवून आम्ही हसायचो. तेव्हापासूनची ही मैत्री. यापुढे त्यांचा उल्लेख एकेरी करते, क्षमस्व.

१. अर्जदार मृताची नातेवाईक नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही, असे आपण कळवले. म्हणून या वेळी तिचे पती श्री. शौनक कर्णिक यांचे संमतिपत्र जोडले आहे. ते स्वतः अर्ज लिहायला अनेकदा बसले, पण 'महोदय'च्या पुढे त्यांचा हात चालत नाही.

२. अहवालात लिहिले आहे : 'रुग्णाने स्वतःच्या मनाने काढा घेतल्याने यकृत निकामी झाले.' काढा घेतला, हे खरे. यकृत निकामी झाले, हेही खरे. 'स्वतःच्या मनाने' हे खोटे आहे.

३. मूळपेशी मिळाल्यावर माणूस वाचतो. बरा होतोच असे नाही. तोंडात फोड, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर, अंगाला खाज, आणि झोपून उठल्यावरही न गेलेला थकवा. ऋता हे सांगायला गेली तेव्हा आम्हा दोघींवर उपचार करणारे डॉ. सबनीस म्हणाले, "रिपोर्ट चांगले आहेत. जिवंत आहात ना? अजून काय पाहिजे?" दाराबाहेर रुग्णांची रांग होती, हे मला मान्य आहे.

४. त्यानंतर रुग्णालयाच्या सभागृहात आम्हा वाचलेल्यांचा मेळावा भरला. निमंत्रणावर आपली सही होती. मंचावर आपल्या शेजारी एका काढा कंपनीचे मालक बसले होते, कारण जेवण त्यांच्याकडून होते. निघताना प्रत्येकाला रुग्णालयाचे नाव छापलेली पिशवी मिळाली. तीत टोपी, पाण्याची बाटली आणि काढ्याच्या पुडीचा डबा होता. दाराशी त्याच कंपनीचे टेबल होते. तिथल्या बाई ऋताशी कितीतरी वेळ बोलल्या. त्यांनी तिची जीभ पाहिली, झोपेचे विचारले, नवऱ्याशी जवळीक उरली आहे का, हेही हळूच विचारले. परतताना रिक्षात ऋता रडत होती. म्हणाली, "नीलम, मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं."

मी तिला म्हटले, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. ती म्हणाली, "अगं, पिशवीवर आपल्याच हॉस्पिटलचं नाव आहे ना!" तरी पुढच्या तपासणीला ती डबा घेऊन आली. डॉ. सबनीस रजेवर होते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने डबा पाहिला आणि सांगितले, "मॅडम, हे आपलंच आहे. घ्या बिनधास्त." मी तिच्या शेजारी उभी होते.

मला त्या पुडीचा वास सहन झाला नाही, म्हणून मी ती घेतली नाही. मी आज अर्ज लिहीत आहे, यामागे याहून मोठी अक्कल नाही.

५. ऋताचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले, आणि तिला पुन्हा आपल्याकडे दाखल केले. डॉ. सबनीस सगळ्या वॉर्डासमोर तिच्यावर ओरडले, "शिकलेल्या बाई तुम्ही! असलं घेताच कसं?" तिला उठून बसवत नव्हते. ती म्हणाली, "सॉरी, डॉक्टर." संध्याकाळी तिची शुद्ध गेली, ती परत आली नाही. आपण रुग्णांना दिलेल्या वस्तूबद्दल ती आपली माफी मागून गेली, महोदय.

६. शौनक ती पिशवी घेऊन आपल्या कार्यालयात आले. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी डब्याच्या तळाची बारीक अक्षरे दाखवली : 'वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे.' त्यामुळे रुग्णालयाचा संबंध येत नाही, असे ते म्हणाले. पिशवी मात्र त्यांनी ठेवून घेतली. कंपनीचे टेबल आता बाह्यरुग्ण विभागात, औषधांच्या दुकानाला लागून, कायमचे मांडले आहे.

७. ऋताची मुलगी इरावती पाचवीत आहे. कपाटातील या अहवालाची फाईल तिने काढून वाचली आणि वडिलांना विचारले, "बाबा, आईने मुद्दाम घेतलं का?" त्या दिवसापासून मुलगी आईचा फोटो असलेल्या खोलीत झोपत नाही.

त्या दोन शब्दांच्या जागी 'रुग्णालयातून मिळालेला' असे लिहावे, अशी मागणी मी करणार होते. शौनक म्हणाले, "राहू दे, ते नाही लिहिणार. निदान दोष तिच्यावर नको." म्हणून ते दोन शब्द काढून दुरुस्त प्रत त्यांना द्यावी, एवढीच विनंती आहे.

मला यापुढेही तपासणीसाठी आपल्याकडेच यावे लागेल. माझ्यासारखा रुग्ण दुसरे कुणी सहजी घेत नाही. प्रबुद्धने मला अडवले. म्हणाला, "ताई, तुझी नस त्यांच्याच हातात आहे." तरीही लिहिले आहे. या अर्जाचा विचार कागदावर व्हावा, माझ्या पुढच्या तपासणीत होऊ नये.

आपल्याच औषधांवर जगणारी,
नीलम सीताराम तांबे
भांडुप, दि. १८ जून २०२४

सोबत : श्री. शौनक कर्णिक यांचे संमतिपत्र व अहवालाची प्रत.