सुतळीसकट

कडेगाव,
शुक्रवार

प्रिय विशू,

तुमच्या पलटणीतल्या सयाजीची सुट्टी संपली, उद्या सकाळी तो परत निघतोय. त्याच्याकडे चकल्यांचा डबा देतेय आणि डब्याच्या तळाशी, कागदाखाली, हे पत्र. चकल्या सगळ्यांना वाट. पत्र मात्र आधी एकट्यानं वाच. किती वर्षांनी तुला पत्र लिहितेय, आठवतंय का? तू बेळगावला ट्रेनिंगला होतास तेव्हा दर आठवड्याला लिहायची आणि तू उत्तरात फक्त 'पत्र मिळाले, तूप पाठव' एवढंच लिहायचास, आळशी कुठला. नंतर फोन आले आणि आपलं बोलणं 'बरं चाललंय ना' आणि 'बरं चाललंय' यावर येऊन थांबलं. विशू, बरं चाललेलं नाही.

आधी घरचं सांगते, नाहीतर तुला वाटेल आबांनाच काही झालं. आबांचा गुडघा दुखतो, पण ट्रॅक्टरवर चढायचं सोडत नाहीत. खालच्या पट्टीतला ऊस गेला, वरच्याची तोड अजून आली नाही. आपल्या दोन्ही म्हशी ठणठणीत आहेत. हे लिहितानाही मला लाज वाटतेय, कारण तुझ्या पलटणीतल्या दोस्ताच्या, बिराप्पाच्या आईच्या गोठ्यात पाचांतल्या तीनच गाई उरल्यात आणि तिसरीनं सोमवारपासून वैरणीला तोंड लावलेलं नाही. दोन गेल्याचं तुला बिराप्पानं सांगितलंच असेल. ती का गेली, याबद्दल त्यानं काय सांगितलं असेल, तेही मला माहीत आहे.

आपली मोरी म्हैस आठवते ना? तू तेव्हा घरी होतास. वैरणीचे गठ्ठे बांधायचं ते बेलर यंत्र घेऊन आपल्याला जेमतेम एक वर्ष झालं होतं, आणि गठ्ठ्याला बाहेरून ती पांढरी प्लास्टिकची जाळी गुंडाळायचो. जाळी सोडून घ्यायची, हे सगळ्यांना सांगायचो आणि आपल्याच गोठ्यात तिचे तुकडे वैरणीत जायचे. मोरीची डावी कूस फुगली, रवंथ थांबलं, डॉक्टरांनी औषधं पाजली आणि सहाव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी पोट फाडून आतला गोळा काढला, तो तू बांधावर धुऊन उलगडलास. हातभर जाळी होती. तू दोन दिवस जेवला नाहीस. सैन्यातला गडी म्हशीसाठी रडतो म्हणून मी तुला चिडवलं होतं, पण त्याच रात्री मी ठरवलं की आपल्या गठ्ठ्याला प्लास्टिक पुन्हा लावायचं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला त्याचा फार अभिमान होता. आपल्या ओढ्याकाठच्या बांधावर घायपात नुसतं माजलं होतं. पूर्वी दोर वळणाऱ्या कोंडीबाआज्यांनी त्याची पानं ठेचून, धुऊन, त्यातला वाख काढायला शिकवलं. त्या पांढऱ्या तंतूंना चाकावर पीळ देऊन आम्ही सहा बायकांनी सुतळी वळली. पहिली सुतळी कुठं जाड, कुठं बारीक, सारखी बेलरमध्ये अडकायची आणि आबा वैतागून म्हणायचे, "शिवे, ह्यापरीस दाव्यानं बांधू का?" पण जमली. कुट्टी होऊन जनावराच्या पोटात गेली तरी वैरणीसारखीच जिरणारी सुतळी! आबांनी रस्त्याला पाटी लावली, 'खाऊ गठ्ठा, सुतळीसकट चालेल'. लोक फोटो काढून मोबाईलवर पाठवायचे आणि मी आरशासमोर उगाच दोनदा जास्त उभी राहायची.

जतकडच्या लोकांना तर हे फारच आवडलं. तिकडं जुन्या काळापासून पेंडीला बांधलेला आळा सोडायची पद्धतच नाही, हे तू पाहिलंयस. आळा अंबाडीचा नाहीतर कडब्याचाच असायचा, मग तो सोडायचा कशाला? पेंडी तशीच उचलायची आणि कुट्टीच्या मशीनमध्ये सरकवायची. बिराप्पाच्या आईला, रंगुबाईंना, हातानं सोडायचं सांगितलं असतं तरी सवयीनं त्यांनी तेच केलं असतं. पण आपण तर सोडू नका असंच सांगितलं होतं. या पौषात शिराळ्याकडच्या भाताच्या पिंजराचे बावीस गठ्ठे एकाच फेरीत त्यांच्याकडे गेले, तुझ्या दोस्ताचं घर म्हणून आबांनी स्वतः उतरवून दिले.

महिन्याभरात पहिली गाय बसली. कूस फुगलेली, शेण बंद, डोळ्यांना पाणी. तिकडच्या डॉक्टरांनी गाय मेल्यावर पोट फाडून बघू म्हटलं, पण घरची गाय फाडू देणार नाही म्हणून रंगुबाई आडव्या झाल्या. हळदकुंकू लावून तिला पुरली. दुसरीही तशीच पुरली. मग जे व्हायचं तेच झालं. बिराप्पाच्या चुलत्यांशी त्यांचा विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं अबोला आहे. पहिली गाय पडली त्याच्या आदल्या दिवशी चुलते गोठ्याच्या मागून गेलेले कुणीतरी बघितले होते. तेवढं पुरलं. चुलत्यांनी वैरणीवर विष टाकलं असं आता आख्खी वस्ती म्हणते. म्हातारा माणूस दार लावून घरात बसतो, त्याच्या सुनेला पाणी भरायला कुणी पुढं होऊ देत नाही.

गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण तुम्ही दोघं नेहमीसारखे स्पीकर लावून बसलेले, आणि मी तोंड उघडायच्या आत बिराप्पाच बोलला, "ताई, तुमची वैरण हाय म्हणून बाकीची तीन तरी तगल्यात बघा. लय उपकार झालं." मी म्हटलं, "उपकार कसले रे." आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर मी मागच्या पडवीत जाऊन बसले ते दिवेलागणीला उठले.

आता तुला कळलं असेल, पण तुला अंदाज करायला लावून मी सुटणार नाही. लिहितेच. मार्गशीर्षाच्या शेवटी शिराळ्यात शेतावर पिंजर पसरलेलं होतं, आभाळ भरून आलं होतं आणि आपली सुतळी संपली. कोंडीबाआज्यांची बोटं सुजली होती, बायका मिरचीच्या तोडणीला गेल्या होत्या. मी बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून तयार सुतळी मागवली. रंग तोच, खरखरीतपणा तोच, रिळावर घायपाताच्या पानाचं चित्र. आबांनी त्याच सुतळीनं बावीस गठ्ठे बांधले. परत आल्यावर कोंडीबाआज्यांनी उरलेल्या रिळाचं टोक पेटत्या काडीला लावलं. वाख जळला की राख होते. ही वितळली, काळा मणी झाला आणि त्यांच्या बोटाला चिकटला. आजे म्हणाले, "पोरी, ही खाण्यातली न्हाई. गठ्ठं कुठं गेलं, तितं सांगून ये." मी म्हटलं, सांगते. गठ्ठे तेव्हा आपल्याच अंगणात होते, विशू. अजून गेलेसुद्धा नव्हते.

व्यापाऱ्यानं मला फसवलं हे खरं, पण ते फक्त पहिल्या दिवसापुरतं. त्यानंतरचे दोन महिने माझे आहेत. पाटी रस्त्यावर होती, तालुक्याच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं, आणि आबा पाहुण्यारावळ्यांत 'आमच्या शिवीची सुतळी' म्हणून मिरवत होते. मनाशी म्हटलं, रंगुबाईंना फोन करून एवढे गठ्ठे सोडून घाला म्हणते. दोनदा नंबर लावला. एकदा उचलला नाही, एकदा त्यांनी उचलला तर मी तिळगूळ मिळाला का विचारलं. मोरीच्या पोटातला गोळा पाहिलेली मी, मीच हे केलं. मला माझी चीड येते आणि भीतीही वाटते.

बुधवारी पहिल्या एसटीनं मी जतकडे गेले. रंगुबाईंना गोठ्यातच सगळं सांगितलं. गठ्ठ्याची सुतळी तोडून त्यांच्यासमोर पेटवली, मणी दाखवला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या दिरानं धाडलंय व्हय तुला? तुझ्या भावानं हितंच, ह्या दावणीफुडं, ही सुतळी दातानं चावून गिळून दावली मला. म्हनला, मावशी, मला काय हुईना तर तुमच्या गाईला काय हुतंय? मिल्ट्रीतला पोरगा खोटं बोलंल?" तू असं काही केलं होतंस हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, ती सुतळी वेगळी होती, ही वेगळी. तर म्हणाल्या, दिसायला तर तीच हाय. मी पाया पडले. उरलेले नऊ गठ्ठे परत द्या, आबा बदली कडबा घेऊन येतील म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर एक गठ्ठा ढकलत मशीनजवळ नेला आणि बटण दाबलं. तिसरी गाय मान टाकून बघत होती.

घरी येऊन आबांना सांगितलं. त्यांनी उठून पाटीवर चुना फासला, आणि काल कडब्याचा ट्रॅक्टर घेऊन एकटेच तिकडं गेले. वस्तीच्या तोंडाशीच पोरांनी अडवलं. चुलत्यांचा माणूस समजून एकानं ट्रॅक्टरच्या दिव्यावर दगड घातला. आबांना लागलं नाही, पण परत आले ते अजून अंथरुणावरच आहेत.

हे सगळं मी तुझ्याकडून रागवून घ्यायला लिहिलेलं नाही, तो राग तू नंतर निवांत काढ. मी बुधवारी निघाले तेव्हा रंगुबाईंच्या सोप्यात एक माणूस कोयत्याला नवी मूठ बसवत होता. कुणाचा म्हणून विचारलं तर रंगुबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बिरापाचा. फोनवर सांगितलंय त्यानं, शिमग्याला येतुय, तवर तयार ठेवा." गेल्या रविवारच्या फोननंतर तुमच्याकडे रेंज नसणार असं तूच म्हणालास, आणि बिराप्पाची सुट्टी पुढच्या शुक्रवारी सुरू होते. सयाजी बुधवारपर्यंत पोचेल. मधे एकच दिवस आहे. माझ्यावर तिथं कुणाचा विश्वास नाही, बिराप्पाचाही बसणार नाही, बसला तर तुझ्याच शब्दावर बसेल. त्याच्याजवळ बस आणि त्याला सांग, 'तुझ्या चुलत्यांनी काही केलेलं नाही, तुझ्या गाई माझ्या बहिणीनं मारल्या.' ताईची चूक झाली असं म्हणू नकोस, व्यापाऱ्याचं नाव पुढं करू नकोस. ताईला माहीत होतं, असं म्हण. त्यानंतर तो तुझ्याशी बोलला नाही तरी चालेल, आपल्या दारात येऊन मला काय करायचं ते करू दे. फक्त त्याला त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊ देऊ नकोस.

तुझीच,
शिवाताई