छप्पर, दाढ आणि घरमालक

मोंतेविदेओ, १४ ऑगस्ट

प्रिय देल्मिराताई,

कोरड्या टेबलावरून तुला नमस्कार. (टेबल कोरडं आहे हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कळेल.) गुडघा काय म्हणतो? तुमच्या मेर्सेदेस गावात गारठा किती आहे ते मी रोज रेडिओवर ऐकतो आणि इर्माला सांगतो, आज ताईचा गुडघा बोलणार. कोंबड्या अंडी देतायत ना? तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लागले म्हणून रागावू नकोस. या चार महिन्यांत मी भाडेकरूंच्या हक्कांचा असा अभ्यास केलाय, की छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासली तेव्हाही इतकं बारीक वाचलं नव्हतं.

आमच्या मधल्या अंगणावरचं काचेचं सरकतं छप्पर तू पाहिलंच आहेस. भिंतीवरचं हँडल फिरवलं की साखळी ओढली जाते आणि छप्पर रुळांवरून सरकतं. एप्रिलमधल्या एका रविवारी मी उन्हासाठी ते उघडलं आणि बंद करायला गेलो, तर वर 'टक्' असा आवाज झाला. साखळी तुटली. छप्पर हातभर उघडं राहिलं ते राहिलंच. पुढच्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा, खरं सांगतो, मला मजाच वाटली. जेवायच्या टेबलावर पाऊस पडताना सहसा बघायला मिळत नाही. पाणी कुठे पडतं, कुठे साचतं, फरशीला उतार कुणीकडे आहे, सगळं मी खडूने आखून ठेवलं. (उतार आमच्याच दाराकडे आहे.) मागच्या खोलीत राहणारा नेल्सन, बंदरावर क्रेन चालवतो तो, माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, नकाशा काढताय की पोहायची तयारी?"

आमचे घरमालक डॉक्टर पित्तालुगा दातांचे डॉक्टर आहेत. मी अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा त्यांच्या दवाखान्यातली बाई म्हणाली, डॉक्टर पेशंट तपासतायत. मग मला सुचलं, की डॉक्टर जर फक्त पेशंटलाच भेटत असतील तर आपण पेशंट व्हावं. रीतसर वेळ घेऊन खुर्चीत जाऊन बसलो. पण ताई, दातांच्या डॉक्टरसमोर बसून तक्रार करायची म्हणजे काय, याचा मी आधी विचारच केला नव्हता. मी 'छप्पर' म्हणेपर्यंत तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं गेली होती. "छपराचं ना? बघू हं," ते म्हणाले, "जरा मोठं उघडा. अरे अरे, ही दाढ फारच किडलीय. असलं काही तसंच ठेवू नये, पसरतं." मी दाढ देऊन घरी आलो. छप्पर होतं तिथेच होतं.

नेल्सनचं म्हणणं साधं होतं. भाडंच देऊ नका, चार दिवसांत पळत येईल. मला ते पटतही होतं, पण इर्मा म्हणाली, आधी कुणाला तरी विचारा. आमच्या मोहल्ल्यात वाचनालयाच्या मागे कायद्याची मुलं-मुली फुकट सल्ला देतात. तिथे माइते नावाची मुलगी भेटली, हातमोजे घालूनच लिहिणारी. (तिथलीही खिडकी लागत नव्हती.) ती म्हणाली, "भाडं मुळीच थांबवू नका. आज दोषी ते आहेत. भाडं थांबवलंत की तुम्ही. मग छप्पर राहील बाजूला आणि तुम्हीच बाहेर." आधी लेखी कळवा आणि पुरावा ठेवा. धोका असेल तर नगरपालिकेचा तपासनीस बोलवा. कळवूनही मालक हलला नाही आणि काम अडलंच असेल, तर स्वतः करून खर्च मागता येतो, पण त्याआधी मला विचारा. शेवटी न्यायाधीश आहेतच. हे सगळं ऐकून मला इतकं कुतूहल वाटलं की मी विचारत सुटलो. मालक परदेशात असला तर? मालक मेला तर? मालक दोन असले आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत असले तर? माइतेने पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुमचं छप्पर गळतंय की तुम्हाला परीक्षेला बसायचंय?"

मी तार केली. साधी नव्हे, जिची प्रत टपालखातं जपून ठेवतं ती. खिडकीवरचा माणूस मजकूर मोठ्याने वाचून खात्री करतो, त्यामुळे माझं छप्पर सगळ्या रांगेने ऐकलं. मागच्या बाई म्हणाल्या, "त्यात 'लाज वाटू द्या' असं घाला." एका म्हाताऱ्याचं मत पडलं की 'आदरणीय' कशाला, काढून टाका. मी 'आदरणीय' ठेवलं. तारेचं उत्तर आलं नाही.

आणि मग जूनमध्ये, भर दुपारी, इर्मा ओल्या फरशीवरून घसरली. शिवायला घेतलेला कुणाचा तरी कोट हातात होता, तो भिजू नये म्हणून तिने उजवा हात वर धरला आणि सगळा भार डाव्या मनगटावर आला. हाड मोडलं. ताई, त्या दिवशी मी खडूच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. दोन महिने मी पाण्याकडे बघत होतो, आणि ती त्याच पाण्यातून रोज चालत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेत जाऊन बसलो आणि तपासनिसाला घेऊनच उठलो. त्याने वर बघितलं, इर्माच्या प्लास्टरकडे बघितलं, कागदावर 'धोकादायक' लिहून मुदत घातली.

मुदतीच्या आदल्या दिवशी डॉक्टर स्वतः आले, सोबत लोहार. वर बघून म्हणाले, "अरेच्चा, हे असं कधीपासून आहे?" मी तोंड उघडणार, तोच इर्मा पुढे झाली. एवढ्या गोड आवाजात ती माझ्याशी लग्नाच्या वर्षीही बोलली नव्हती. "बसा ना डॉक्टर, कॉफी घ्या." खुर्ची तिने बरोबर त्या उघड्या फटीखाली ठेवली. बाहेर पाऊस होता. प्लास्टर घातलेल्या बाईने दिलेली खुर्ची नाकारायची कशी? डॉक्टर बसले. लोहार शिडीवर असेपर्यंत इर्मा त्यांना मनगटाची हकिगत सांगत होती, सावकाश, एकही तपशील न गाळता. कपातली कॉफी पावसाने वाढत होती. नेल्सन दारात उभा राहून छत्री हवी का म्हणून विचारत होता, देत मात्र नव्हता. पाऊण तासाने लोहार खाली उतरला. साखळीची एक कडी तुटली होती. एक कडी, ताई! डॉक्टरांनी ओलं डोकं रुमालाने पुसलं, प्लास्टरचा आणि औषधांचा खर्च देतो म्हणाले आणि त्याच आठवड्यात दिलाही.

इर्माचा हात आता बरा आहे, सुई धरते. तुला तिचा नमस्कार.

तुझा,
यामान्दू

ता. क. छप्पर घट्ट बंद होतं, पण आता उघडताना अडकतं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरा ता. क. खरं तर मी या कामासाठी लिहायला बसलो होतो. बाबांच्या नदीकाठच्या घरात आपण ज्यांना भाडेकरू ठेवलंय, त्या आउरोराबाई तेचेरा यांची मला तीन पत्रं आली आहेत. न्हाणीघराची भिंत फुगलीय म्हणतात. पहिलं पत्र मार्चमधलं. मी वाचलं, बिचारी, असं म्हणालो आणि येर्बाच्या चहाचं पाणी तापवायला उठलो. दुसऱ्याच्या वेळी वाटलं, ताई तिथेच राहते, ती बघेल. त्यांनी लिहिलंय की तू म्हणतेस, माझा भाऊ बघेल. असं कुणी वागूच कसं शकतं, याचं मला चार महिने कुतूहल होतं. काही करावं लागत नाही गं, आपोआप होतं.

तिसरा ता. क. गवंडी शोध, अर्धे पैसे माझे. आणि गुरुवारी घरी थांब. तू भेटशील असं मी त्यांना कळवलंय. कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसू नकोस. तिथेही बघा, हे मीच त्यांना लिहिलंय.